चतुर्थीच्या घरात ‘फ्रीकी’: एक प्रकरण अभ्यास

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या मूळ घरी चतुर्थीला तिन्ही भावांची बिऱ्हाडे एकत्र येतात आणि पाच दिवस एकाच छपराखाली राहतात. देवावर फळापानांची माटोळी बांधून, नेवऱ्या तळून, पहिल्या दिवसाची पंगत उरकून मोठी माणसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा टेकतात, आणि मुलांच्या मागण्या नेमक्या त्याच वेळी पुढे येतात. गेल्या चतुर्थीला मागणी होती रात्री माडीवर बसून ‘फ्रीकी’ पाहण्याची. ख्रिस्तोफर लँडन यांनी दिग्दर्शित केलेला हा २०२० सालचा अमेरिकी चित्रपट असून त्यात एक शाळकरी मुलगी आणि एक खुनी यांच्या शरीरांची अदलाबदल होते; तो भयपटही आहे आणि विनोदी चित्रपटही. मी उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो. ‘तू रोज याच वयाच्या पोरांत असतोस, तूच काय ते ठरव,’ असे म्हणून दादांनी प्रश्न माझ्यावर सोपवला आणि वर्तमानपत्र उघडले. मी एका रात्रीची मुदत मागून घेतली. त्या रात्री मी काय पाहिले, कोणत्या आधारावर काय ठरवले आणि त्यात माझ्या नजरेतून काय निसटले, याची ही नोंद आहे.

प्रथम मुलांविषयी, कारण ‘किशोरवयीन’ या एका शब्दात ती मावत नाहीत. दादांची मुलगी १७ वर्षांची, बारावीत; तिचा भाऊ १४ वर्षांचा. माझी मुलगी १५ वर्षांची. धाकट्या भावाचा मुलगा १३ वर्षांचा आणि त्याची बहीण १० वर्षांची. सहावा शेजारचा मुलगा, वय १६. त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष व्हायचे होते, त्यामुळे त्यांच्याकडे यंदा सण नव्हता, आणि माझ्या आईच्या हुकुमावरून तो पाचही दिवस आमच्याकडेच जेवत होता. सगळी मुले इंग्रजी माध्यमातली असल्याने चित्रपटाची भाषा समजणार नाही, ही पळवाट मोठ्यांना नव्हती.

खरे तर माझ्याकडे प्रश्न येण्याआधीच अर्धी परवानगी मिळून चुकली होती. वहिनींनी स्वयंपाकघरातूनच सांगितले होते, ‘तो आई-लेकीच्या अदलाबदलीचा ना? मी पाहिलाय. चांगला आहे, बघू दे त्यांना.’ वहिनींनी पाहिलेला चित्रपट ‘फ्रीकी फ्रायडे’, २००३ सालचा. मेरी रॉजर्स यांच्या १९७२ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे, आणि तिच्यावर १९७६ मध्येही एक चित्रपट आला होता. त्याच्याही पूर्वी, १८८२ साली, एफ. ॲन्स्टी यांनी ‘व्हाइस व्हर्सा’ या कादंबरीत बाप आणि शाळकरी मुलगा यांची अशीच अदलाबदल करून दाखवली होती. या सर्व कथांमध्ये माणूस दुसऱ्याच्या जागी जातो, त्याची अडचण त्याला कळते आणि घर पुन्हा जुळते. ‘फ्रीकी’ने नावाचा अर्धा भाग आणि कल्पना पूर्ण उचलली आहे, पण आईच्या जागी खुनी बसवला आहे. नावाच्या ओळखीवर परवानगी देणे किती सहज घडते, हे त्या दिवशी आमच्याच स्वयंपाकघरात दिसले. वहिनींना मी हा फरक सांगितला तेव्हा त्यांनी झारा कढईत तसाच ठेवून मुलाला हाक मारली, आणि जिन्यावरची कुजबुज अचानक थांबली. मुलाला तो फरक ठाऊक होता.

आईची हरकत वेगळी होती. ‘खाली देव बसलेत आणि वर माडीवर कापाकापी?’ एवढेच ती म्हणाली. ही हरकत जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण कोणती गोष्ट कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी पाहायची हा औचित्याचा प्रश्न वयाच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. मात्र भीती आणि हसू यांची सरमिसळ देवाच्या दारी चालत नाही, असेही म्हणता येणार नाही. पेडण्याकडच्या जत्रांत दशावतार पाहत वाढलेल्यांना संकासुर आठवत असेल: वेद चोरणारा तो काळ्या वेषातला राक्षस रंगभूमीवर आला की पुढे बसलेली पोरे आईच्या पदरात तोंड लपवत आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या उलटसुलट उत्तरांना खदखदून हसत. शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करी, आणि त्या वधाने कुणाची झोप उडत नसे. पुरुषाने बाईच्या चालीने चालणे, बाईच्या आवाजात बोलणे हेही दशावतार पाहणाऱ्या प्रेक्षकाला नवे नाही. त्यामुळे खुन्याचे काम करणाऱ्या धिप्पाड व्हिन्स वॉन यांनी १७ वर्षांच्या मुलीचे हावभाव करणे, ही या चित्रपटातली मुख्य गंमत, आमच्या घरात कुणाला विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. आणि परकायाप्रवेश तर आपल्याकडे शंकराचार्यांच्या आख्यायिकेपासून चालत आलेला आहे. अर्थात मृत राजाच्या देहात शिरून आचार्यांनी कशाचा अनुभव घेतला, तो भाग मुलांना सांगताना आपण गाळतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. कथा तीच ठेवून वयाप्रमाणे कापून सांगण्याची सवय आपल्याला आहे; चित्रपट मात्र जसा कापला आहे तसाच पाहावा लागतो.

दादांच्या मुलाने बाजू मांडली ती मात्र एखाद्या वकिलाला शोभणारी होती. ‘काका, अमेरिकेत याला आर आहे. म्हणजे मोठे माणूस शेजारी बसले की आम्हांला चालतो. तुम्ही बसा ना शेजारी.’ त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. अमेरिकेतील आर या वर्गात १७ वर्षांखालील मुलांनी पालक किंवा प्रौढ सोबती घेऊन यायचे असते. पण त्याच शेऱ्याखाली कारणही लिहिलेले असते आणि या चित्रपटाच्या बाबतीत ते तीव्र रक्तरंजित हिंसा, लैंगिक आशय आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत असभ्य भाषा असे आहे. शिवाय एका देशाचे अक्षर दुसऱ्या देशात तसेच लागू पडत नाही. आपल्याकडे चित्रपटगृहात ए प्रमाणपत्राच्या चित्रपटाला १८ वर्षांखालच्या मुलाला बाप शेजारी बसवूनही नेता येत नाही. उलट यूए प्रमाणपत्र हे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे. १९५२ च्या चलचित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन यूएचे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे झाले, आणि हे टप्पे पाळायचे की नाही हे पालकांनीच ठरवायचे, दारावरच्या माणसाने नव्हे, असेही त्यात स्पष्ट केले आहे. ओटीटीवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे साधारण तेच टप्पे लागतात, पण ते वर्गीकरण मंच स्वतः करतो. १३ आणि त्यापुढच्या टप्प्यांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय त्याने द्यायची असते. या सगळ्याचा उपयोग मला एवढाच झाला की प्रश्न नेमका झाला. प्रमाणपत्र वय सांगते, पण माझ्या पुढच्या सहा मुलांना त्यातले काय दिसणार आहे, हे सांगत नाही.

मधल्या मध्ये शेजारच्या मुलाने सुचवले की वाड्यावरच्या मंडळाचा प्रोजेक्टर आहे, सभागृहात लावू या, म्हणजे सगळ्यांनाच पाहता येईल. हा मार्ग तिथल्या तिथे बंद केला. घरच्या वर्गणीवर घेतलेला चित्रपट सार्वजनिक ठिकाणी लावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही, आणि सार्वजनिक प्रदर्शन म्हटले की प्रमाणपत्राचा कायदा पूर्णपणे लागू होतो.

रात्री सगळे झोपल्यावर मी माडीवर एकटा बसून चित्रपट पाहिला. तो पावणेदोन तासांहून थोडा कमी लांबीचा आहे. हाताशी वही होती. सुरुवातीलाच एका बंगल्यात चार तरुण मुले एकामागून एक मारली जातात, आणि मारण्याच्या तऱ्हा मुद्दाम अतिशयोक्त आहेत: एकाच्या घशात दारूची बाटली, दुसरीकडे टेनिसच्या मोडक्या रॅकेटचे दोन तुकडे. मग मिली ही मुख्य मुलगी दिसते. शाळेत तिला हिणवतात, घरी आई दारूत बुडालेली आहे, कारण वडील जाऊन वर्ष होत आले आहे. सामना संपल्यावर आई न्यायला यायची असते, ती येत नाही. एकटी वाट पाहणाऱ्या मिलीला खुनी एका प्राचीन सुऱ्याने भोसकतो, आणि सकाळी दोघे एकमेकांच्या देहात जागे होतात. चोवीस तासांत त्याच सुऱ्याने उलटा वार झाला नाही तर अदलाबदल कायमची.

इथवर मी वहीत फक्त रक्ताचे प्रसंग मोजत होतो, आणि साधारण चौथ्या प्रसंगानंतर मला जाणवले की या मोजणीने काही हाती लागणार नाही. या चित्रपटातले रक्त इतके भडक आहे की वाढत्या वयाच्या मुलाला त्यातला बनाव कळतो. लहान मुले जे भयानक दिसते त्याला घाबरतात आणि मोठी मुले जे खरोखर घडू शकेल त्याला घाबरतात, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन करून दाखवले आहे. त्या हिशेबाने १० वर्षांच्या मुलीसाठी चेहरे आणि जखमा हाच प्रश्न होता, आणि तिच्याविषयी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. बाकीच्यांसाठी मला दुसरेच पाहायला हवे होते: हसू कुठे येते आणि ते कुणाच्या जिवावर येते.

त्या दृष्टीने चित्रपट दुसऱ्यांदा, तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यावर त्याची बांधणी उघड झाली. खुनी मिलीच्या देहात शाळेत शिरल्यावर ज्यांना मारतो ती बहुतेक माणसे मिलीला छळणारी आहेत. वर्गात तिचा पाणउतारा करणारे कार्यशाळेचे शिक्षक करवतीखाली जातात. टोमणे मारणारी मुलगी शीतकक्षात गोठवली जाते. एका मेजवानीत तिच्यावर जबरदस्ती करू पाहणारी मुले तिच्याच हातून मरतात. प्रेक्षकाने या मरणांवर हळहळू नये, अशी तजवीज आधीच केलेली आहे. छळणाऱ्यांना अद्दल घडते याचे समाधान आणि खुनाचा विनोद हे दोन्ही एकाच झटक्यात मिळतात, आणि त्यातले कोणते हसू कशाचे, हे वेगळे करून सांगायला पडद्यावर कुणी नाही. सतरा वर्षांच्या मुलीला हे वेगळे करता येते. जो मुलगा सध्या रोज वर्गात हिणवला जात आहे, त्याला येईलच असे नाही. संकासुराच्या वधात हसू थांबल्यावर वध होतो. इथे वध हाच विनोद आहे. माझ्या मते सारा फरक तिथे आहे.

चांगल्या बाजूही नोंदवल्या. थोराड पुरुषाच्या देहात गेलेल्या मिलीला प्रथमच कळते की रस्त्यावरून भीती न बाळगता चालणे म्हणजे काय. आणि कोवळ्या मुलीच्या देहात गेलेल्या खुन्याला कळते की आता त्याच्यावर कुणीच संशय घेणार नाही. ज्यांचे स्वतःचेच शरीर महिन्यागणिक बदलते आहे, आरशातला माणूस ज्यांना रोज थोडा परका वाटतो, त्यांच्यासाठी हा विषय वयाबाहेरचा नाही. आणि एक प्रसंग मी वहीत दुहेरी रेघ ओढून ठेवला: आई ज्या दुकानात नोकरी करते तिथे, कपडे बदलण्याच्या खोलीत लपलेली मिली खुन्याच्या देहातून, बंद दाराआडून आईशी बोलते. कोणाशी बोलते आहे हे आईला ठाऊक नसते, म्हणूनच ती नवऱ्याच्या मरणाविषयी मनातले बोलते. या प्रसंगापुढे मी ‘उत्तम, मोठ्या मुलांनी जरूर पाहावा’ असे लिहिले. ते वाक्य पुढे मला नडले.

शिव्यांविषयी थोडक्यात. त्या भरपूर आहेत आणि मुलांना त्या सगळ्या आधीच येतात. इंग्रजी शिवी आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरते, तिला कुणी उठून जा म्हणत नाही. तीच कोंकणीत किंवा मराठीत निघाली असती तर आईने चित्रपट नव्हे, टीव्ही बंद केला असता.

सकाळी निर्णय सांगितला. दहा वर्षांच्या मुलीला नाही. तेरा वर्षांच्या मुलालाही नाही, आणि त्याला कारण सांगणे सर्वांत कठीण गेले. त्याचा आवाज त्या पावसाळ्यातच फुटला होता, अंगाने तो थोडा स्थूल आहे, आणि शाळेत त्यावरून काय चालते हे त्याने माझ्या मुलीला सांगितले होते, मला नाही. त्यामुळे खरे कारण त्याच्या तोंडावर मांडणे म्हणजे विश्वासघात झाला असता. मी फक्त एवढे म्हटले की यात छळणाऱ्यांना मारून हसवले आहे आणि ते मला पटत नाही. ‘मग मी काय आजीबरोबर सिरियल बघू?’ असे म्हणून तो मागीलदारी निघून गेला. सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांना हो. माझ्या मुलीलाही हो, पण मेजवानीतल्या जबरदस्तीच्या प्रसंगाविषयी तिच्या आईने आधी तिच्याशी बोलायचे, असे ठरले. चौदा वर्षांच्या वकिलापुढे मी वहीत ‘पुढच्या वर्षी’ लिहिले होते, तथापि दादांनी वर्तमानपत्रातून डोके काढून ‘मी बसतो त्याच्याजवळ’ असे जाहीर केले, आणि पोर त्यांचे असल्याने शब्दही त्यांचाच चालला. शेजारच्या मुलाच्या आईला विचारायला मी स्वतः गेलो, रक्त आणि भाषा यांची कल्पना दिली. ‘तुमच्या पोरांबरोबर आहे ना, मग मला काळजी नाही,’ असे त्या म्हणाल्या. मिलीच्या वडिलांविषयी मी त्यांना काही सांगितले नाही. ते मला सुचलेच नाही.

तिसऱ्या रात्री आरती आटोपून, घुमट हे वाद्य जागेवर ठेवून सगळे माडीवर जमले. आईच्या हरकतीला मान म्हणून आवाज इतका कमी ठेवला होता की किंकाळ्यांपेक्षा बाहेरचे रातकिडे मोठे ऐकू येत होते. त्यामुळे भयपटाची निम्मी धार आपोआप गेली, कारण दचकवणे हे मुख्यतः ध्वनीचे काम असते. अट एकच होती: कुणीही केव्हाही उठून जावे, कुणी त्याला चिडवायचे नाही. मुलांच्या घोळक्यात भीती लपवण्याची चढाओढ लागते, विशेषतः मुलगे मुलींसमोर धीट दिसू पाहतात, हे वर्गाच्या सहली नेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे, म्हणून ही अट. दादा विसाव्या मिनिटाला झोपले. अमेरिकी आर वर्गाचा कच्चा दुवा माझ्या डोळ्यांदेखत घोरू लागला आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे पाहून हसला. करवतीच्या प्रसंगाला मात्र तो हसला नाही, त्याने उशी वर घेतली. मुली व्हिन्स वॉन यांच्या धावण्यावर अगदी पोट धरून हसल्या. जबरदस्तीच्या प्रसंगाला माझी मुलगी मुलांच्या मरणावर हसली नाही. ‘हे इतके सोपे नसते,’ असे ती बहिणीला हळूच म्हणाली आणि तिची आई तिच्याकडे पाहत राहिली.

मग दुकानातला प्रसंग आला. दाराआडून बोलणे सुरू झाले आणि शेजारचा मुलगा उठला. कुणी त्याला चिडवले नाही, अट पाळली गेली, आणि तो पाणी प्यायला गेला असेल असे समजून मीही दोन मिनिटे बसून राहिलो. रात्रभर वही घेऊन मी रक्त, शिव्या, हसू असे सगळे वेचले होते; घरात वर्षाच्या आत वडील गमावलेला एक मुलगा जेवतो आहे आणि पडद्यावर वडील जाऊन वर्ष होत आलेले घर आहे, हे दोन्ही मला ठाऊक असूनही मी ते एकमेकांशेजारी ठेवले नव्हते. आर, ए, यूए यांतले कुठलेही अक्षर हे सांगू शकले नसते. ते सांगायला मी होतो.

खाली गेलो तेव्हा तो माटोळीखाली माझ्या आईजवळ बसला होता. आई समईत तेल घालत होती आणि त्याला वात पुढे करायला सांगत होती. ती त्याला काही विचारत नव्हती. मीही विचारले नाही. वर चित्रपट पुरा झाला, बाकीच्यांनी त्याला शेवट सांगायला सुरुवात केली तेव्हा थोरल्या मुलीने त्यांना गप्प केले.

वहीत मी ‘जरूर पाहावा’च्या पुढे कंसात लिहिले: ‘कुणाच्या घरी काय घडले आहे, ते आधी.’ त्याच्या आईकडेही सकाळी जाऊन आलो आणि काल काय सांगायचे राहिले ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की महिन्यांनंतर तो रात्री त्यांच्याशी वडिलांविषयी बोलला, आणि हे चांगले झाले की वाईट ते त्यांना अजून कळत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. तेवढाच भाग पुन्हा पाहायचा आहे, पण सगळ्यांबरोबर नको आणि एकट्याने नको, असे म्हणाला. विसर्जनाच्या आदल्या रात्री आम्ही दोघे माडीवर बसलो. प्रसंग संपण्यापूर्वी त्याने चित्र थांबवले, मागे नेले आणि पुन्हा लावले. खाली आई झोपली होती, म्हणून आवाज अगदी बारीक होता आणि मिलीच्या आईचे शब्द ऐकायला दोघांनाही पडद्याजवळ सरकावे लागले.